बाबांच्या कोटाची मापं

ता. ४ जानेवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला रडू येतं, त्यापेक्षा पत्र बरं. बातमी मोठी आहे. सिनेमाच्या पडद्यावर ‘वेशभूषा’ या शब्दाखाली पहिल्यांदाच माझं एकटीचं नाव येणार! इतकी वर्षं कुणाच्या ना कुणाच्या हाताखाली काढली. आता राजापासून भिकाऱ्यापर्यंत सगळे माझ्या हातचं घालतात.

नाटकातले कपडे लांबून बघतात, तिथे टाचणीवर भागायचं. इथे कॅमेरा टाका न् टाका बघतो. सध्या आमच्या काटकुळ्या नायकाला ढेरपोट्या म्हातारा करायचं चाललंय. कापसाची गादी शिवून पोटाला बांधते, आणि तो दिवसभर माझ्या नावानं खडे फोडतो. कोरे सदरे खरवडून, चहाच्या पाण्यात बुडवून जुने करते. बघितलंत तर म्हणाल, पोरीला वेड लागलं.

पहिल्या खेळाला तुम्ही नवा कोट घालून माझ्या शेजारी बसायचं. कोट मीच शिवणार. कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांकडून मापं घेऊन पाठवा. त्यांना दिसत कमी असलं तरी फीत अजून बरोबर फिरते. तुम्हाला पाहून तीन वर्षं झाली, बाबा. परवा गर्दीत एका गृहस्थांची पाठ तुमच्यासारखी वाटली, तर मी उगाचच त्यांच्या मागे चालत गेले.

रागवा हवं तर, पण लोभ कमी करू नका.
तुमची ठकू

ता. १५ जानेवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून कॉलर ताठ झाली. अख्ख्या गल्लीला वाचून दाखवलं. पोस्टमनला दुसऱ्यांदा वाचायला लागलो, तर तो सायकलवर टांग मारून पळाला. शाळेच्या नाटकात व्यायामशाळेचे पडदे कापून तू राजाचा झगा शिवलास, तेव्हा मुख्याध्यापकांची बोलणी मी खाल्ली होती. त्यांना आता पहिल्या रांगेत बसव.

मापं सोबत आहेत. शिंपी म्हणाला, मास्तर, तब्येत सुधारली की! म्हटलं, जन्मभर कवायत शिकवलेली छाती आहे, थट्टा नाही. तेव्हा माझी काळजी मुळीच नको, आणि काम टाकून इकडे धावत येऊ नकोस. तुझं शिवणयंत्र मी अधूनमधून नुसतंच चालवतो. घरात जरा आवाज राहतो.

प्रकृतीस जप, आणि लिहायचा आळस करू नकोस.
बाबा

ता. २४ जानेवारी

ती. बाबांना,
नमस्कार.

आज मी चिडले आहे. कापड अंथरलं, खडू घेतला, मापं वाचली आणि हात थांबला. छाती वाढली, पोट वाढलं, मग गळा एवढासा कसा? मनगट माझ्याएवढं? अशी मापं माझ्या नायकाची असतात, आत गादी बांधल्यावर! माझीच विद्या माझ्यावर?

शेजारच्या काकूंना फोन केला. तुम्ही शपथ घातलीय म्हणाल्या, आणि मग रडल्याच. सदऱ्याच्या आत दोन स्वेटर घालून गेला होतात म्हणे. घास गिळता येत नाही, डॉक्टरांनी मोठ्या हॉस्पिटलात जायला सांगितलंय, आणि तुम्ही ‘मुलीचा सिनेमा होऊ दे’ म्हणून अडून बसलात.

मी पुढच्या रविवारी पोचते. शेवटची लढाई चित्रित व्हायची आहे. दिग्दर्शक म्हणाले, आता गेलीस तर दुसरीला घेऊ, नावही तिचंच लागेल. लागू दे म्हटलं. म्हणणं सोपं नव्हतं, खोटं कशाला बोलू? त्या एका ओळीसाठी इतकी वर्षं झिजले. पण शेजारची खुर्ची रिकामी ठेवून ती ओळ मला बघायची नाही.

‘येऊ नकोस’ लिहिलंत, तर पाकीट फोडणारच नाही.
तुमचीच हट्टी

ता. २८ जानेवारी

ठकू, बाळा,

पकडलंस. त्या स्वेटरांत उकडून जीव गेला माझा, नसती सोंगं.

काल तुला ‘येऊ नकोस, हाताशी आलेलं नाव घालवू नकोस’ असं लांबलचक लिहिलं. बापानं तेच लिहायला हवं. टपालपेटीपर्यंत गेलो, वाटेत दोनदा बसलो, आणि पत्र न टाकताच परत आलो. घरी येऊन फाडलं. तुझं नाव पडद्यावर बघायचं होतं गं, फार बघायचं होतं. पण त्याहून तुला बघायचंय. मला भीती वाटते. हे इथे कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुला सांगतो. त्या हॉस्पिटलात मला एकट्यानं जायचं नाही.

ये. दाराची कडी काढून ठेवीन. हाक मारून सरळ आत ये, मला उठायला वेळ लागतो.

तुझा
बाबा