फोटोतलं कपाळ

हैदराबाद, २५ जानेवारी १९९९

ती. सौ. रेणुताईस, सुधाकरचा शि. सा. न.

संक्रांतीला वांकिडीत काढलेला तुझा फोटो सोबत पाठवतो आहे. आमच्या ऑफिसच्या साहेबांच्या कॅमेऱ्यात रीळ नसतं, हे तू तेव्हा मानलंच नाहीस. कॅमेऱ्याच्या कंपनीनं सोबत एक सीडी फुकट दिली आहे. ती ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चढवली की फोटो पडद्यावर दिसतात, वाकडे सरळ होतात, अंधारे उजळतात. जेवणाच्या सुट्टीत मी तेच करत बसतो, डबा तसाच परत येतो आणि कुमुदिनी चिडते. फ्लॅशनं तुझे डोळे लालभडक आले होते, अगदी चेटकिणीचे. तेही नीट केले.

घर सोडून गेलेले दौलतभाऊजी इकडे दिसल्याचं मागे कुणी म्हणालं होतं, म्हणून विचारपूस करत असतो. अजून काही पत्ता नाही. तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग. माया आहेच, ती पत्रातूनही येऊ दे.

तुझा,
सुधाकर

वांकिडी, २ फेब्रुवारी १९९९

चि. सुधाकर यास आशीर्वाद.

खुशाली विचारायचं भान नाई. खरं सांगजो, तुह्या भाऊजींचं तुले काय कळलं?

पाकीट सासूबाईनं फोडलं. फोटो पाह्यला आन् माह्यासमोर धरला. फोटोत माह्या कपाळावर कुंकूच नाई. संक्रांतीले मी रुपयाएवढं लावलं होतं, तूच तर चिडवलं होतं.

आपल्याकडे वाईट बातमी कोणी सरळ लिहीत नाई, कार्डाचा कोपरा फाडून धाडतात. सासूबाई म्हणे, तुह्या भावाले हैदराबादेत कळलं, पण लिहायले हात धजला नाई, म्हणून फोटोतून सांगतलं. मी म्हटलं, त्यानं तर पत्ता नाई असं लिहिलं आहे. त्या म्हणे, ते लिहिणं माह्यासारख्या म्हातारीसाठी, आन् फोटो तुह्यासाठी.

चंपतभाऊजी कापूस घेऊन राजुऱ्याले गेले होते, नाई तर माह्या त्या दिरानं तरी थांबवलं असतं. शेजारची बयनाबाई आली, गल्लीतल्या बाया आल्या. माह्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. सासूबाईचा आकांत ऐकवत नव्हता. माहे मोकळे हात पाहून मीच दचकून राह्यली.

एसटीडीवरून तुह्या ऑफिसचा नंबर लागत नाई. काऊन लपवतोस? जे असल ते उलट टपालानं लिही.

तुझी ताई,
रेणुका

हैदराबाद, ८ फेब्रुवारी १९९९

ती. सौ. रेणुताईस, सुधाकरचा शि. सा. न.

'सौ.' मुद्दाम लिहिलं आहे. भाऊजींची कसलीही बातमी नाही, ना बरी ना वाईट. मी काहीच लपवलेलं नाही.

लाल डोळे काळे करायचे तर माऊसनं फक्त डोळ्यांभोवती चौकोन आखायचा असतो. मी आळशीपणानं अख्ख्या चेहऱ्याभोवती आखला. त्या प्रोग्रॅमला डोळा काय नि कपाळ काय, लाल दिसेल ते तो शोषून घेतो. मी डोळेच बघत बसलो, नि चांगले झाले म्हणून खूश झालो. कपाळाकडे माझं लक्षच गेलं नाही. एका आईच्या पोटचा भाऊ असून बहिणीचं कुंकू मी असं पुसलं, ताई. दोन दिवस अन्न गोड लागलेलं नाही. कुमुदिनी तर देवापुढून उठत नाही.

मूळ फोटो कॉम्प्युटरवर जसाच्या तसा आहे, त्यात तुझं कुंकू ठसठशीत दिसतं. तो लवकरच छापून धाडतो. तोवर हे पत्र सगळ्यांना वाचून दाखव. बांगड्या माझ्याकडून भर. भेटशील तेव्हा चार रट्टे घाल, पण मला टाकू नको.

तुझा,
सुधाकर

वांकिडी, १६ फेब्रुवारी १९९९

चि. सुधाकर यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चंपतभाऊजींनी ओसरीवर मोठ्यानं वाचलं. सासूबाईनं आधी तुले शिव्या घातल्या, मंग हसल्या, मंग रडल्या. लेक जिता आहे म्हणून गल्लीत गूळ वाटला. कासारणीले बोलावून मले हिरव्या बांगड्या भरल्या आन् आपल्या हातानं कुंकू लावलं. मी मान खाली करून लावू देलं. आता जेवून राह्यल्या, बरं वाटते.

पुढचं फक्त तुलेच सांगते. बांगड्या फोडल्या तवा सगळ्या बाया रडल्या, मले रडू आलं नाई. बारा वर्सं झाली, दारात पाय वाजला की माही मान वर जाते. पण त्या बिनकुंकवाच्या दिवसांत कितीक पाय वाजले आन् मी भाकर थापतच राह्यली. मी अशी कशी, म्हणून स्वतःलेच भ्याली. तुह्या चुकीपेक्षा याचाच धक्का मोठा आहे. काल फाटक वाजलं, पोस्टमन होता. मान पुन्हा आपोआप वर गेली.

तू वाईट वाटून घेऊ नको. कुंकवाचा फोटो धाडजो, सासूबाईले तो भिंतीवर लावायचा आहे. पण पहिला फोटो परत मागू नको, दुरुस्तही करू नको. तो मी लुगड्याच्या घडीत ठेवला आहे. त्यातली बाई कोणाचीच वाट पाहून नाई राह्यली.

कुमुदिनीले आशीर्वाद. तिच्या हातचा डबा संपवत जा, आन् बहिणीले विसरू नको.

तुझी,
रेणुताई