कपाटातला माईक

मी, मनकर्णाबाई पुंजाराम शेजूळ, निवृत्त शिक्षिका, राहणार छावणी, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. घसा मात्र गेलेला आहे. तो शेंद्र्याच्या शाळेत गेला.

१. राहते घर मुलगा राजकुमार यास, दागिने सून मोनिका हिस. दोघांनी भांडू नये. भांडलेच तर हळू आवाजात.

२. माझ्या पगारातून घेतलेला गळ्यातला माईक व स्पीकर यांबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. आमच्या वर्गावर पत्रे, खिडकीशी कंपन्यांचे ट्रक. मी शुद्धलेखन सांगितलं, "झाडाला खोड असते." मागच्या बाकांनी लिहिलं, "झाडाला घोडं असते." सरितानं तर चित्रही काढलं, फांदीला बांधलेलं घोडं. म्हटलं, "हे काय गं?"

"बाई, तुमीच म्हणल्या की! मला बी नवल वाटलं."

मग मी स्पीकर आणून मागच्या भिंतीला टांगला. पहिल्याच वाक्याला सरिता दचकून वळली. "अगं बया! बाई, तुमी मागं बी हायत का?" मला रडू आलं, हे येथे नमूद करते.

३. सध्याचे मुख्याध्यापक श्री. आप्पासाहेब तेव्हापासून म्हणतात, "मास्तरचा आवाज खणखणीत पायजे. वर्गात वरात कशाला?" मी निवृत्त होताच त्यांनी माईक कपाटात घातला, चावी कमरेला लावली. आता तो फक्त पाहुण्यांच्या सत्काराला निघतो, आणि पाहुण्यांपेक्षा जास्त हेच बोलतात. माणूस वाईट नाही, पण लई हट्टी.

४. सबब, माईक व स्पीकर सरिता हिला देते. ती आज त्याच वर्गावर शिकवते, आणि परवा मला भेटायला आली तेव्हा तिचा आवाज बसलेला होता. वकील म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतं. आता माझी तब्येत ठणठणीत आहे, त्याला मी काय करू? तोवर त्या पोरीचा घसा राहील का?

५. माझ्या शोकसभेत आप्पासाहेबांनी माईकशिवाय बोलावे. शेवटच्या रांगेला नीट ऐकू आलं, तर त्यांचं म्हणणं खरं मानावे.

छत्रपती संभाजीनगर, १२ जुलै २०२५
मनकर्णाबाई पुंजाराम शेजूळ (सही)

साक्षीदार:
१. कडुबा तुपे, शेजारी (सही)
२. आप्पासाहेब दांडगे, मुख्याध्यापक (सही). कलम तीन मान्य नाही. कपाटाची चावी आजच सरिता मॅडमना दिली आहे. बाईंनी शोकसभेची घाई करू नये.