तिन्ही दुकानांचं नेट माह्याकडं

१ ऑगस्ट २०१७, मंगळवार. सकाळी ९
कॉम्प्युटर क्लासची नोकरी काल सोडली. आजपासून मी नेटवर्क मॅनेजर. देवरावभाऊंची ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टची तीन दुकानं: केळापूर, मुकुटबन, महागाव. तिन्हीकडचं नेट सांभाळायचं काम त्यांनी बाहेर द्यायचं ठरवलं, अन् बाहेर म्हणजे मी. कापसाचे हे हाल, नवा ट्रॅक्टर कोण घेते? लोक जुन्यालेच पार्ट घालून राह्यले, म्हणून दुकानं जोरात. पण नेट गेलं की कोणता पार्ट कोणत्या दुकानात पडला आहे, तेच समजत नाही.

पोळ्यापर्यंत ट्रायल. नीट चाललं तर वर्षाचा कॉन्ट्रॅक्ट. नाही तर, ममता म्हणते, तिच्या भावाच्या किराणा दुकानात गूळ तोलायले बसायचं. बायको आहे, गंमत करते.

४ ऑगस्ट
मुकुटबनचं नेट बंद. इंदूबाईंचा फोन. दुकान उघडणं, चहा, बिलं, सगळं त्याच पाहतात. म्हणे प्रेमसिंगभाऊ, बंद करून चालू करू काय? म्या समजावून सांगितलं की ते अडाणी काम. आपण मूळ कारण शोधतो. शोधता शोधता चार वाजले.
संकल्प: राउटरचं मॅन्युअल रोज दहा पानं.

९ ऑगस्ट
मॅन्युअल पान ३. इंग्रजी फार बारीक छापलं आहे.
महागाव बंद. एसटीनं गेलतो. पोचलो तर नेट सुरू! तिथले मॅनेजर धावजी म्हणे की तासभर लाइट गेलती, आली तसं नेटही आलं. लाइटचा काय संबंध? मी नुसता गावात पाय ठेवला तरी फरक पडते, हे लिहून ठेवतो.

१४ ऑगस्ट
स्टाफमध्ये शिस्त नाही. तिन्ही ब्रँचला व्हॉट्सॲपवर सर्क्युलर टाकलं: राउटर हा आपल्या धंद्याचा बैल आहे, बैलाची घेता तशीच त्याची काळजी घ्या. भाऊंना भाषा फार आवडली. दोन ब्रँचचं नेट बंद होतं, त्यांना फोनवर वाचून दाखवलं. दोनदा.

२१ ऑगस्ट, पोळा. सकाळी १०
परवा भाऊ तिन्ही दुकानांचा स्टॉक एका स्क्रीनवर पाहणार, अन् मग कॉन्ट्रॅक्ट. केळापूरचा राउटर माह्या डोळ्यासमोर. तीन आठवडे एक मिनिट बंद होऊ दिला नाही.

१०.४०
मुकुटबन अन् महागाव, दोन्ही एकदम बंद.
धावजीले फोन केला. म्हणे सर्क्युलरप्रमाणेच करून राह्यलो. काल संध्याकाळी राउटरची खांदमळणी केली, तूप-हळद लावून. आज रंगवला, झूल घातली, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. आज त्याले काम नाही. गावच्या तोरणाखाली बैलांच्या रांगेतही नेणार होतो, वायर पुरली नाही.
इंदूबाई म्हणे, पूजाबिजा मी करत नाही. पण तुमीच बैल म्हटलं, मग पोळ्याच्या दिवशी त्याले जुंपू कायले?
दोघंही ऐकत नाहीत. सण आहे म्हणतात. मले रडू यायचं बाकी होतं.

२३ ऑगस्ट
मुकुटबन, महागाव कालपासून सुसाट. हळद लावलेला राउटरही. केळापूर बंद.
भाऊ स्क्रीनसमोर तासभर बसले. गोल चक्र फिरत होतं. म्या सांगितलं की तीन आठवडे अखंड सेवा दिलेली मशीन आहे. भाऊंनी माह्यासमोरच इंदूबाईंना फोन लावला. त्या म्हणे, हात लावून पाहा, तापला असंन. बंद करा, पंधरा मिनिटं थंडा होऊ द्या, मग लावा. भाऊंनी स्वतः उठून तसंच केलं. तिन्ही दुकानं स्क्रीनवर आली.
भाऊ मग इंदूबाईंशीच बोलत राह्यले.
मॅन्युअल पान ३.

२८ ऑगस्ट, सोमवार. दुपारी १२
कॉन्ट्रॅक्ट झाला. इंदूबाईंसोबत, तिन्ही दुकानांचा. त्या म्हणे मी मुकुटबन सोडून कुठी फिरत नाही, गावोगावी एकेक माणूस लावीन. महागावले धावजी. केळापूरसाठी त्यांनी माहं नाव घेतलं. मनात आलं, एवढ्या मोठ्या मनाच्या बाईले म्या अडाणी म्हटलं. पण शेवटी आउटसोर्सिंगमध्येच आहो, ही लहान गोष्ट नाही.
ड्यूटी: रोज दहाला राउटर बंद, सव्वादहाला चालू, मग इंदूबाईंना मिस्ड कॉल. ममतानं विचारलं, बाकी दिवसभर काय? उत्तरही तिनंच दिलं.
हे तिच्या भावाच्या दुकानात बसून लिहून राह्यलो. पहिला दिवस, म्हणून सकाळी भाऊंच्या दुकानातून घाईनंच निघालो. गूळ बरा आहे, हाताले चिकटते. फोनवर भाऊंचे सहा अन् इंदूबाईंचे चार मिस्ड कॉल दिसून राह्यले. अभिनंदनाचे असतील. दहाला बंद केला, हे पक्कं आठवते. सव्वादहाचं आठवून पाहून राह्यलो.