बेट सोडण्याचा कर आणि मृणालिनीमामी

डब्लिन, ओहायो
१२ मार्च २००६

तीर्थरूप एकनाथमामांस,

शैलेंद्रचा डब्लिनहून नमस्कार. मी बरा आहे, तुमची भाचेसून सुमेधा बरी आहे, आणि जिची खुशाली तुम्ही मुद्दाम विचारत नाही आहात ती मृणालिनीमामी आम्हा दोघांपेक्षा बरी आहे. तुमची कंबर कशी आहे? नागपुरात ऊन लागायला सुरुवात झाली असेल. इथे अजून बर्फ पडतोय, आणि मामी रोज सकाळी तो खराट्याने झाडायला निघते (इथे खराटा मिळत नाही, तिने तो कुठून मिळवला हे मी विचारलेलं नाही).

शिवांगीने म्हणे तुम्हाला पुण्याहून फोन करून सांगितलं की आईने परदेशात विमानतळावर उभं राहून भीक मागितली. (तुमची लेक असली तरी सांगतो, बातमी तिच्या हाती पडली की पिठासारखी फुगते.) त्यावर ‘तिला पहिल्या विमानाने परत पाठव’ असा तुमचा निरोप आला. मामा, तुम्ही म्हणाल तसं करू. पण मी तिथे हजर होतो, तेव्हा आधी माझं ऐकून घ्या.

आम्ही तिघं क्रूझवर गेलो होतो ते तुम्हाला ठाऊक आहेच. जहाज मायामीहून निघून कॅरिबियनमधल्या एका बेटावर सोडणार आणि तिथून विमानाने घरी, असं पॅकेज मीच शोधलं होतं. स्वस्तात. जहाजावर रोख पैसे लागतच नाहीत. खोलीचं कार्ड दाखवायचं, की चहापासून टोपीपर्यंत सगळं मिळतं. मामीला ही व्यवस्था फार आवडली. आयुष्यभर नागपूरच्या जकात नाक्यावर बसून ट्रकवाल्यांकडून पैसे वसूल केलेली बाई ती. पैसे न देता-घेता सगळे हसतायत हे ती डोळे भरून बघत बसायची. शेवटच्या संध्याकाळी खोली आवरणाऱ्यांना पाकिटातून बक्षिशी देतात. त्या दिवशी समुद्राची हवा माझ्या डोक्यात गेली होती. मी खिशातल्या सगळ्या नोटा पाकिटांत घालून वाटून टाकल्या आणि वर मामीला म्हणालो, आता घरापर्यंत एक पैसा लागायचा नाही.

सकाळी विमानतळावर सामान दिलं, बॅगा पट्ट्यावरून आत गेल्या (मामीचे डॉलर त्यातल्याच एका बॅगेत, साडीच्या घडीत), आणि पुढे पाहतो तो एक खिडकी. देश सोडून जाणाऱ्या प्रत्येकाने तिथे कर भरायचा, पावती घ्यायची, मगच विमानाकडे सोडणार. कर फक्त रोखीने. मी त्या खिडकीतल्या बाईंना तिकीट दाखवलं. त्यावर करांची एवढी रांग छापलेली होती, तेव्हा यांचा कर त्यात नाही हे मला पटेचना. मी बराच वेळ बोललो. त्यांनी एकदाच भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. कोपऱ्यातलं पैशांचं मशीन बंद होतं. आमच्या मागे जहाजावरचेच लोक उभे होते, आणि निम्म्यांच्या खिशात फक्त कार्डं. सगळे त्या एकट्या बाईंवर ओरडायला लागले. मीही त्यातलाच. माझा आवाज जरा जास्तच चढला होता, कारण सोमवारी मी ऑफिसात हजर नसलो तर मॅनेजर काय करेल याची मला खात्री नव्हती, आणि व्हिसावरच्या माणसाला तसली खात्री नसणं फार वाईट.

मामी आमच्यात नव्हती. ती खिडकीच्या बाजूला जाऊन त्या बाईंना विचारत होती, “मॅडम, यू हॅव ईटन?” बाईंनी नकारार्थी मान हलवली. मामीने पर्समधली शंकरपाळ्यांची पुडी आत सरकवली आणि मला म्हणाली, “तिच्यावर कशाला ओरडतोस? कर तिने लावला का?” मी खिडकीपासून मागे सरलो. नाक्यावर तिच्यावर असं किती लोक ओरडले असतील, हा विचार मामा, खरं सांगतो, माझ्या मनात पूर्वी कधीच आला नव्हता.

एवढ्यात रांगेत कुणीतरी रडायला लागलं. वॉल्टर आणि डॉरथी नावाचं, आमच्या ओहायोतल्याच टोलीडोचं म्हातारं जोडपं होतं. वॉल्टर चाकाच्या खुर्चीत. मंगळवारी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलेलं, त्याआधी एकदा समुद्र बघू म्हणून दोघं आलेली, आणि आता कर भरायला जवळ रोख नाही. डॉरथी एकच वाक्य परत परत म्हणत होती, की मंगळवार चुकला तर पुढची तारीख कधी मिळेल सांगता येत नाही.

मामीने ते ऐकलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, “तुझं ते चेकबुक कुठाय?” ते माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होतं. तिने ते काढायला लावलं आणि मला एका बाकावर बसवलं. मग ती रांगेकडे तोंड करून उभी राहिली. पांढरे बूट, नऊवारीच्या काठाएवढे रुंद काठ असलेली सहावारी, वर सुमेधाचं विंडचीटर. नाक्यावरच्या आवाजात (तुम्हाला तो आवाज माहीत आहे, मला त्या दिवशी कळला) ती म्हणाली, “गुड मॉर्निंग. गव्हर्नमेंट वाँट्स कॅश. माय नेफ्यू हॅज ओन्ली चेक. हू हॅज एक्स्ट्रा कॅश, कम धिस साइड. ही विल राइट.”

मला बाकाखाली जावंसं वाटलं. मग एक उंच माणूस पुढे आला, नोटा मामीच्या हातात ठेवल्या आणि माझ्याकडून चेक घेऊन गेला. त्याच्यामागे दोन बहिणी आल्या. मग माणसं येतच राहिली. मामी नोटा घ्यायची, मी चेक लिहायचो. आमच्या तिघांपुरते झाले तेव्हा मी पेन बंद केलं. मामीने वॉल्टरच्या खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाली, “लिही.” मी लिहिला, आणि रांगेत अडकलेल्या बाकीच्यांसाठीही लिहीत गेलो. तर मामा, याला भीक म्हणायचं, तर मग बँकेला काय म्हणायचं?

सगळ्यांच्या पावत्या झाल्या. विमानाकडे जाताना त्या खिडकीतल्या बाई उठून बाहेर आल्या आणि मामीला मिठी मारून गेल्या. विमानात मामीने पट्टा बांधला. मग म्हणाली, “नोकरीत इतकी वर्षं लोकांकडून पैसे घेतले रे. हसून कुणी दिले नाहीत.” एवढंच बोलली आणि झोपली. मला मात्र झोप लागली नाही. ही बाई माझी मामी आहे, आणि लहानपणी सुट्टीत मी तिच्याकडे फक्त आंब्यांसाठी यायचो, असं काहीबाही मनात येत राहिलं.

वॉल्टरचं ऑपरेशन मंगळवारीच झालं. नीट झालं. परवा आम्ही टोलीडोला जाऊन त्याला भेटून आलो. मामीने मऊ भात नेला होता. त्याने चमच्याने खाल्ला आणि अजून मागितला.

तेव्हा तिला परत पाठवायचं तर पाठवतो, पण रागाने बोलावू नका. तिला न्यायला सरळ तुम्हीच या.

तुमचा,
शैलेंद्र

ता. क. हे पत्र मामीला दाखवलेलं नाही. तुम्हीही बोलू नका.

आणखी ता. क. वॉल्टर आणि डॉरथी डिसेंबरात नागपूरला येतायत. महिनाभर. मामीने आमंत्रण देऊन टाकलंय, आणि ‘यांना काही अडचण नाही’ असंही तुमच्या वतीने सांगितलंय. वॉल्टरला उकिडवं बसता येत नाही, तर तेवढा एक कमोड खालच्या मजल्यावर बसवून घ्यावा. खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

(मामीच्या हातचं) अहो, पत्र पोस्टात टाकायला याने माझ्याच हातात दिलं, म्हणून वाचलं. बाकी बरोबर आहे, पण लोकांनी पैसे माझ्या इंग्रजीमुळे दिले नाहीत. शैलेंद्र बाकावर बसून रडत होता, ते बघून दिले. दोघातिघांनी तर चेक घेतलाच नाही, मुलाला पाणी द्या म्हणाले. कमोडचं मी काही म्हटलेलं नाही, हा उगाच लिहितो. बसवलाच तर फरशी पांढरी नको, डाग दिसतात.