दोघींचा घडीचा कॅम्पर

५ ऑक्टोबर
काम सुरू. गाडीमागे ओढायचा, छत वर उचललं की खोली होणारा, वजनाला हलका कॅम्पर. मीच बांधणार. वय एकसष्ट, पण नववीत क्राफ्टमध्ये पहिली होते. मनीषा दुसरी. त्याच वर्षी अ‍ॅटलासवर बोट ठेवून शपथ घेतली होती: हंपीला दोघीच जायचं, नवरे असले तरी. आज फोन केला. म्हणाली, हो गं, जाऊच. सत्तेचाळीस वर्षांनी तीच मनीषा. डोळे भरून आले.

७ ऑक्टोबर
जागा मिळाली. निफाडचे माझे चुलतदीर पुंजारामभाऊजी, त्यांची द्राक्षं पॅक करायची शेड. म्हणाले, वहिनी, जानेवारीपर्यंत तुमचीच हाय. म्हटलं, नोव्हेंबरातच संपेल.

१२ ऑक्टोबर
पॅनल म्हणजे सँडविच. मधे फोम, दोन्ही बाजूंना फायबरचं कापड, वर रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट द्रव. फोम विकत कशाला? माळ्यावर बारा वर्षांच्या गणपतीच्या मखरांचं थर्माकोल आहे. जीवनने विचारलं, चालतं का ते? नवऱ्याने इतका अविश्वास दाखवू नये.

१३ ऑक्टोबर
थर्माकोल गेलं. रेझिन ओतलं आणि दहा मिनिटांत खांब, मोर, कमानी, सगळ्याची चिकट खळ. दुकानदाराने सांगायला हवं होतं. जीवन म्हणतो, त्याने दोनदा सांगितलं. मला आठवत नाही.

२ नोव्हेंबर
नवा फोम, दुसरं रेझिन. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जरा जास्त घातला. बादली धूर सोडायला लागली. भाऊजींनी फावड्यावर घेऊन बांधावर नेली. म्हणाले, वहिनी, चहा ठेवला व्हता का?

२४ नोव्हेंबर
एक अख्खी भिंत नीट निघाली! एका हाताने उचलली. मनीषाला फोटो पाठवला. तिने नुसता अंगठा पाठवला. भावना आवरत असेल.

१५ डिसेंबर
मनीषाला पडद्यांचा रंग विचारला. म्हणाली, तुला आवडेल तो. शाळेतही तिला माझं सगळंच आवडायचं. आमच्या रिबिनींचा निळा घेतला. तिच्या बाजूला चष्म्यासाठी खिसा शिवला.

४ जानेवारी
झाला! छत वर गेलं, कापडी भिंती ताणल्या. आत उभी राहिले, डोकं लागलं नाही. छत खाली येताना एक कोपरा अडतो. भाऊजी वर बसले की उतरतं. किरकोळ आहे. मनीषाला कळवलं, वीस तारखेला निघायचं. तिने तारीख दोनदा विचारली. आनंद.

६ जानेवारी
मनीषा शेडवर आली. आत शिरली, खिशात बोट घालून पाहिलं, बाहेर येऊन क्रेटवर बसली. म्हणाली, सुंदर केलंयस गं. मग म्हणाली, मला वाटलं तुझ्याच्यानं होणारच नाही. म्हणून हो म्हणत गेले. तुझं मन कशाला मोडायचं?
वीसला ती हंपीलाच चाललीय. भिशीच्या बायकांबरोबर, बसने. नाव ऑगस्टमध्येच दिलं होतं.
ऑगस्ट. मी फोन केला ऑक्टोबरात.
काही हरकत नाही, म्हटलं. आमच्या कॉन्व्हेंट शाळेने एवढं तरी शिकवलंय. तिला चहासुद्धा दिला.

७ जानेवारी
मनीषाशी संबंध संपला. एकटीच जाणार, कॅम्परनेच. ठाम.

९ जानेवारी
भाऊजी म्हणाले, वहिनी, शेड मोकळी करा, द्राक्षं काय तुमच्या गाडीत भरू? भाऊजी मळ्यात गेल्यावर कॅम्पर हलवायचा म्हणून मी छत उतरवायला गेले. एकटीने उतरत नाही. वर बसायला माणूस लागतो. शेवटी तसाच ढकलत बांधावर नेला.

१९ जानेवारी
मनीषाचा फोन. भिशीतल्या एकीचा गुडघा सुजलाय, सीट रिकामी आहे, येतेस? मी नाही म्हटलं. स्पष्ट. जीवन पेपर वाचत होता. म्हणाला, स्वेटर कपाटात वरच्या खणात आहे.

२० जानेवारी, पहाटे ४.३०
बस साडेपाचला, द्वारका चौकातून. खिडकी मनीषाच्या नणंदेला, शेजारी मनीषा. मला शेवटच्या रांगेत मधली. मनीषाचा मेसेज होता: दशम्या जरा जास्त आण, नणंदेला फार आवडतात.
चाळीस केल्या.