दुसऱ्याच्या हातचा घास

सोमवार, ३ मार्च

सकाळची हजेरी. बायकोची तब्येत — बरी. उजवी बाजू थंड, डावी गरम, म्हणजे नेहमीसारखी. धाकट्या बहिणीची — गुडघे कुरकुरतात, जीभ ठणठणीत. फोन ठेवायलाच तयार नव्हती. खालच्या परटाची — सर्दी, पण इस्त्री चालू आहे. न्हाणीतल्या नळाची — गळतोय. दुकानात दुरुस्तीला आलेल्या शिलाई मशिनींची — एक बरी होऊन घरी गेली, बाकीच्या तेल पिऊन पडल्यात.

माझी — डॉक्टर म्हणाले, आतड्यात गाठ आहे. कॅन्सरची.

लिहून टाकलं एकदाचं. हिला नाही सांगितलं.

मंगळवार, ४ मार्च

हॉस्पिटलात मदत कक्ष म्हणून एक खोली आहे. तिथल्या बाई वयानं लहान, पण समजूतदार. म्हणाल्या, ऑपरेशनच्या पैशांची चिंता करू नका, एक संस्था आहे, ती भरेल. एवढं सोपं! माझा विश्वासच बसेना. उठून निघालो तर दारातून त्यांनी परत हाक मारली. घरी कोण असतं? म्हटलं, मी आणि बायको. तिचं अर्धं अंग लुळं आहे, वाचा गेल्यातच जमा, सगळं मीच करतो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही इथं पडल्यावर त्यांना कोण बघणार, काका?"

ऑपरेशननंतर बरेच दिवस पडून राहायचं, आणि घरी गेल्यावरही कितीतरी महिने वजन उचलायचं नाही. हिला तर रोज उचलावं लागतं. घरची सोय झाल्याशिवाय डॉक्टर दाखल करून घेणार नाहीत, कारण मागं असेच काहीजण टाके ओले असताना उठून घरी पळाले म्हणे. आणि संस्था आजाऱ्याचा खर्च देते, आजाऱ्याच्या बायकोचा नाही. मी म्हटलं, बाई, आमचं दोघांचं मिळून एकच धड माणूस होतं, तेही बिघडलं. हसल्या बिचाऱ्या. पण त्यांच्या हातात काही नाही.

गुरुवार, ६ मार्च

भरवण्याबद्दल लिहायला हवं. सगळं घोडं तिथंच अडलंय.

हिला झटका आला तेव्हा सुरुवातीला एक बाई ठेवली होती. घाईची. भरवताना ठसका लागला, ही निळी पडली. वाचली. पण तेव्हापासून परक्या हातात चमचा दिसला की हिचे दात घट्ट. खाते ती फक्त माझ्या हातून. माझी एक रीत आहे — चमचा खालच्या ओठाला टेकवायचा आणि थांबायचं. ती श्वास सोडते. मग आत. सुईत दोरा ओवताना हात थांबतो ना, तसं. लोक म्हणायचे, कुणीतरी मदतीला ठेवा. मी म्हणायचो — मी आहे की!

काय रुबाबात म्हणायचो.

रविवार, ९ मार्च

धाकटीला गाठीचं फोनवर सांगितलं, तशी आज आली होती. बाह्या सरसावून कामाला लागली. मऊ भात कालवला. आधी वहिनीची लाडीगोडी, मग विनवण्या, मग दटावणी. हिनं मान भिंतीकडं वळवली ती वळवलीच. निम्मा भात धाकटीच्या मांडीवर. शेवटी तिचाच बांध फुटला.

"दादा, हिला तूच अशी करून ठेवलीस. सगळ्या जगात एका तुझ्या हाताशिवाय हिला कुणाचा चालत नाही!"

मी सांडलेला भात गोळा केला. खरं बोलली की धाकटी जास्त रडते. जाताना म्हणाली, हॉस्पिटलात तुझ्या उशाशी मी बसेन, त्याचा घोर नको करू. पण वहिनी माझ्याच्यानं होणार नाही. तिला एखाद्या सांभाळणाऱ्या घरी ठेव.

मंगळवार, ११ मार्च

बघून आलो तसलं घर. लांबलचक खोली, ओळीनं खाटा, फिनेलचा वास. माणसं वाईट नाहीत. पण अख्ख्या ओळीला एकच पोरगी भरवते, एक घास इथं, एक घास तिथं, अशी पुढं पुढं. जे खात नाहीत त्यांचं काय करता, विचारलं. नाकातून नळी, म्हणाली. सहज. नळीवाल्यांचे हात खाटेला बांधलेले होते, ओढून काढतात म्हणून.

हिचा चालता हात एकच. तोही बांधायचा!

घरी आलो तर "अहो," म्हणाली. एवढा एकच शब्द उरलाय तिच्याजवळ. त्यातच सगळं विचारते — कुठं होतात, जेवलात का, चेहरा का असा. सांगून टाकलं मग. गाठ, ऑपरेशन, सगळं. खोलीला चुना लावायचाय, अशा आवाजात सांगितलं. ती छताकडं बघत होती. कळलं का नाही, कुणास ठाऊक.

शुक्रवार, १४ मार्च

दुकान परटाला भाड्यानं दिलं. माझ्या टेबलाच्या जागी त्याचे कपड्यांचे गठ्ठे येतील. भाडं आलं की तसंच हिला सांभाळणाऱ्या बाईच्या पगारात जाईल. आता फक्त बाई मिळायची राहिलीय! मशिनींचे सुटे भाग वर आणून खाटेखाली सरकवले. परीट म्हणाला, बरे झालात की पुन्हा उघडू, काका. मी हो म्हटलं. दोघंही दुसरीकडं बघत होतो.

सोमवार, १७ मार्च

बाई मिळाली. परटाच्या ओळखीतली, धिप्पाड, हातानं हलकी. वेळ आली तर मुक्कामालाही राहते म्हणाली. पण बोलते, बोलते, बोलते! मी मनातल्या मनात तिचं नाव रेडिओ ठेवलंय. हिला पुसलं, कूस बदलली, केस विंचरले. सगळं मुकाट करून घेतलं हिनं. जीव जरा भांड्यात पडला.

मग चमचा आला. दात घट्ट.

शनिवार, २२ मार्च

रेडिओचं म्हणणं, तुम्ही आसपास असलात तर ती माझ्या हातचं कशाला खाईल? जेवायच्या वेळेला बाहेर जा. म्हणून मी खाली, बंद दुकानाच्या पायरीवर. वरून तिची बडबड ऐकू येते. नवऱ्याची गाऱ्हाणी, बसमधली भांडणं, सगळं हिला सांगते. तासाभरानं खाली येते आणि नुसती मान हलवते.

दुपारचं दूध दातांच्या फटीतून गेलं, तेवढंच.

पोटात दुखतं हल्ली. बसलं की जास्त.

गुरुवार, २७ मार्च

आज चोरी पकडली गेली.

संध्याकाळी रेडिओ गेली की मी हिला भरवायचो. रोज. दिवसभर उपाशी ठेवलेलं माणूस, डोळे दाराकडं लावून बसलेलं. मी चमचा नेला की श्वास सोडायची. कसा राहणार हात? आणि खोटं कशाला लिहू — बरं वाटायचं मला. सगळ्यांना नाकारून ही माझी वाट बघते, याचं.

सकाळी रेडिओ ओट्याजवळ उभी. पहिल्यांदाच गप्प! मग म्हणाली, "काल जाताना मी सगळी भांडी पालथी घातली होती, काका. ही वाटी उताणी कशी?"

मी म्हटलं, भूक लागली होती.

"तुम्हाला का तिला?" म्हणाली. खाली बसली. "मी दिवसभर घसा कोरडा करते आणि तिला ठाऊक असतं, संध्याकाळी आमचे हे येणारच. मग माझ्या हातचं ती का खाईल? तुम्हाला हॉस्पिटलात खरंच जायचंय का, ते एकदा ठरवा. म्हणजे मी दुसरं काम बघते."

मी वाटी पालथी घातली. अजून ठरलेलं नाही.

शनिवार, २९ मार्च

संध्याकाळी भरवलं नाही. "अहो," म्हणाली. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. पुन्हा "अहो". परटाची इस्त्री बघत राहिलो. वाफ येते, जाते.

मंगळवार, १ एप्रिल

मदत कक्षातल्या बाई स्वतः डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. ते स्पष्ट बोलले. गाठ वाढतेय. आणखी लांबवलंत तर पोट उघडून नुसतं शिवावं लागेल. बाईंनी पाण्याचा पेला पुढं केला. त्यांना म्हटलं, माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला घ्या, आमची सोय काही होत नाही. त्या म्हणाल्या, या आठवड्यापुरती वाट बघते. मग संस्थेला कळवावं लागेल.

गुरुवार, ३ एप्रिल

थोडं दूध. थोडं सूप, तेही निम्मं उशीवर. हिची गालफडं बसलीत. गल्लीतला डॉक्टर घरी येऊन गेला, म्हणाला, असं चालणार नाही, नळी तरी घाला नाहीतर आधीसारखं तुम्हीच भरवा. रेडिओ म्हणते, उद्याचा दिवस द्या.

नाही होत. हात टेकले. उद्या संध्याकाळी मीच भरवणार. माझं काय व्हायचं ते होऊ दे.

शुक्रवार, ४ एप्रिल

रेडिओ जिना उतरून आली. एकच शब्द — "खाल्लं." वाटीभर! नुसती बडबडत होते आणि चमचा ओठाशी राहून गेला, म्हणाली. हिनंच श्वास सोडला. मी पायरीवरच रडलो, परटासमोर.

संध्याकाळी रेडिओ गेल्यावर राहवेना. थोडा भात कालवला. एकच घास, आनंदाचा म्हणून. चमचा ओठाला टेकवला. थांबलो.

ती माझ्याकडं बघत राहिली. दात मिटलेले. मग डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि हळूच बाजूला सारलं. रागानं नव्हे. मला विसरली म्हणून नव्हे. गाठीचं तिनं ऐकलं होतं, तेवढं मला कळतं.

चमचा धुऊन ठेवला. मदत कक्षातल्या बाईंना निरोप पाठवला — घरची सोय झाली. मला कधी दाखल करून घेता, ते लवकर कळवा.