तीन जमिनींचं तोंड

११ एप्रिल १९३३, मंगळवार

नाय, मी ते मशीन मागायला गेलो नव्हतो! तेच माझ्या दारात आलं. मुरारीच्या लॉरीवरचा चांगू सकाळी ओटीवर टाकून गेला. पत्र्याचा लांब नळा, वर दांडा. दांडा ओढला की नळ्यात वारा शिरतो, वाऱ्याबरोबर धूळ. मुंबईला साहेबाच्या बंगल्यात असलंच मशीन मी जन्मभर ओढलं. मला काय त्याचं कौतुक!

मुरारी म्हणजे माझा याही, माझ्या पोरीचा, शकूचा सासरा. महाडात नवं घर बांधलंय, वैशाखात घरभरणी. महाबळेश्वरला कोण साहेब विलायतेला परत निघाला, त्याच्या लिलावात हे घेतलं. आता घरात जमिनी तीन तऱ्हेच्या. पडवीला शहाबादी फरशी, दिवाणखान्यात गालिचा, माजघरात सारवण. मशीनचं मूळ तोंड फरशीला चिकटून बसतं, गालिच्यात रुततं. म्हणून निरोप — याहींना त्यातलं कळतं, तिन्हीवर चालेल असं एकच तोंड करून द्या, घरभरणीला पाहुण्यांसमोर चालवायचंय.

याहींना कळतं म्हणे! शकूच्या लग्नात भर पंगतीत काय बोलला होता हा? "आमचे याही मुंबईला मोठ्या हुद्द्यावर होते बरं का — साहेबाची जमीन चाटायचे!" सगळी पंगत हसली. माझ्या हातात बुंदीची परात. मुलीचा बाप! वाकून वाढत राहिलो.

करतो. तोंड करून देतो. असं देतो की जन्मभर आठवेल.

१४ एप्रिल

कुडपणच्या माणसाकडून शिवणीचं लाकूड आणलं. हलकं असतं, ओढताना जड जात नाय. हातभर रुंद तोंड कोरलं. फरशीसाठी कडेने चामड्याची पट्टी मारली — लाकूड फरशीवर वाजलं नाय पायजे आणि फटीतून वारा फुकट जाता नये. मागच्या पायरीच्या दगडावर राख टाकून ओढलं. साफ! पण मधेच गच्च चिकटलं, दोन्ही हातांनी उपटावं लागलं. पट्टीला मागून दोन खाचा पाडल्या. आता चिकटत नाय.

माझी बायको रखमा बघत उभी होती. म्हणाली, अवो, केरसुणी काय वायट हाय? बायकांना प्रत्येक गोष्टीत बोलायचं असतं.

१७ एप्रिल

गालिच्याऐवजी घोंगडी घेतली. धूळ येते, केस येत नायत, ते लोकरीत गुंततात. तोंडाच्या पुढच्या कडेला काथ्याचा बारका कुंचा बसवला. आधी कुंचा केस उचकटतो, मग वारा ओढतो. जमलं. घोंगडीत केवढी धूळ निघाली! आणि हिच्यावर आपण जेवायला बसतो.

१८ एप्रिल

सारवणावर नाय जमत.

२० एप्रिल

सारवणाचं असं हाय — वरून टणक दिसतं, पण खाली माती आणि शेण यांचा पापुद्रा. तोंड खाली टेकलं की वारा पापुद्र्याच्या खाली शिरतो आणि पोपडा उचलतो. ओटीवर दोन वेळा ओढलं, दोन वेळा भाकरीएवढा पोपडा वर! रखमा कपाळाला हात लावून बसली. "अवो, माझी ओटी सोलली तुमी! आता परत सारवायची कुणी?" म्हटलं, तूच. दुसरं कोण?

म्हणजे इथं तोंड जमिनीला लागताच कामा नये. बोटभर वर तरंगलं पायजे.

२३ एप्रिल

झालं! बाभळीची दोन चाकं केली, तोंडाच्या दोन बाजूंना. वर एक खिट्टी. खिट्टी इकडे फिरवली की चाकं वर — फरशी, गालिचा. तिकडे फिरवली की चाकं खाली, तोंड बोटभर अधांतरी — सारवण. ओटीवर ओढलं. धूळ आली, पोपडा जागच्या जागी! साहेबाच्या विलायती मशीनला असलं तोंड नव्हतं. रखमासुद्धा म्हणाली, बरं हाय.

मला दिवसभर गोड लागलं नाय. इतकं झकास तोंड त्या माणसाच्या हातात द्यायचं? तो पाहुण्यांपुढे मिरवणार, आणि मी पुन्हा वाकून उभा!

२४ एप्रिल

कानस घेतली. चाकं घासली. थोडीच, तोंड जमिनीला जेमतेम लागत नाय एवढी. हलक्या हाताने ओढलं तर काय कळायचं नाय. पण मुरारी हलक्या हाताने काय करतो? त्याला चार लोक बघायला लागले की जोर चढतो. जोरात ओढेल, तोंड खाली बसेल, आणि भर माजघरात पोपडा उठेल. मग सगळे माझ्याकडे बघतील. आणि मी म्हणेन — "साहेबाची जमीन चाटायला पण अक्कल लागते, याही!"

वाक्य चांगलं झालंय. ओटीवर बसून दोन-चारदा म्हणून बघितलं.

२८ एप्रिल

चांगू तोंड घेऊन गेला. सांगत होता, घरात कामाला उसंत नाय. शकू माजघर सारवतेय, एक हात झाला, वाळला की दुसरा. जमीन आरशागत केलीय म्हणाला. माझी पोर! कामात आईवर गेलीय. घरभरणीला कलश माजघरात नेणार ती पण शकूच, थोरली सून ना. बरं हाय. माझा दिवस बघायला ती समोर असेल.

३ मे

उद्या निघायचं. कोट धुऊन वाळत टाकलाय.

६ मे, शनिवार

काल घरभरणी झाली.

सगळं ठरवलं तसंच झालं. पडवी — फरशी चकचकीत. दिवाणखाना — गालिच्यातून केस, माती, सुपारीचं खांड पण आलं. लोक वा वा करतायत. मुरारी मला विचारून खिट्टी फिरवतो, माजघरात शिरतो, धोतराचा सोगा खोचतो आणि विहिरीचा रहाट ओढावा तसा दांडा ओढतो. बायकांची गर्दी. चर्रर्र! ताटाएवढा पोपडा उठला, बरोबर मधोमध, जिथं कलश ठेवायचा तिथंच. खालची काळी माती उघडी.

कुणी हसलं नाय. मला वाटलं होतं हसतील. एक म्हातारी पुटपुटली, पहिल्याच दिवशी घराची जमीन उठली गो. मुरारीचा चेहरा पडला. माझ्याकडे वळला, "याही, हे काय झालं?"

हाच तो वखत! माझं वाक्य जिभेवर.

तेवढ्यात त्याची बायको, प्रयागबाई, पुढे झाली. तिने मशीनकडे बघितलंच नाय. "सारवलं कुणी?" म्हणाली. शकू कलश घेऊन दारात उभी होती. तिने कलश खाली ठेवला. पोपड्याशी येऊन बसली, मशीनचं तोंड बाजूला केलं, उलटं करून त्याला लागलेली माती पदराने चाकांवरून पुसली. आणि म्हणाली, "माती कमी पडली, आत्याबाई. माझ्याच हाताने बिघडलं."

सगळं तिथंच संपलं! प्रयागबाई म्हणाली, असल्या हाताने कलश नको. धाकट्या सुनेने कलश आत नेला. शकूला मागच्या दारी भांड्यांना बसवलं.

मूर्ख पोर! कोण विचारत होतं तिला? माती कमी नव्हती पडली, हे मला ठाऊक. ती गप्प बसली असती तर मी बोललो असतो. माझं वाक्य जिभेवरच राहिलं. मधे बोलणार तरी काय? जमीन मी उठवली, म्हणून?

आणि जेवताना मुरारी स्वतः लाडू घेऊन आला. भर पंगतीत मोठ्याने म्हणाला, "हैबतराव, तोंड एक नंबर केलंत! आमची सूनच कच्ची निघाली." पंगत हसली.

मी लाडू खाल्ला.

९ मे

लॉरी ओरडली म्हणून बाहेर आलो. चांगूने शकूला आणून सोडलं. सोबत गाठोडं. प्रयागबाईचा निरोप — आईकडून सारवण शिकून येऊ दे, मग बघू. बघू म्हणजे कधी, ते चांगूला माहीत नाय.

रखमा रडतेय. मला विचारते, अवो, तुमी तिथं होतात ना, मग बोललात का नाय? म्हटलं, पुरुषांनी बायकांच्या कामात बोलायचं नसतं.

१० मे

शकू पहाटेपासून ओटी सारवतेय. कुणी सांगितलं नाय. मी बाजूने निघालो तर मान वर न करता बोलली —

"आबा, चाकं घासल्यावर वरून काजळ-तेलाचा हात मारायचा होता. कानशीचे ओरखडे पांढरे दिसत होते. पदराने तीच माती चोळून झाकले मी."